सिंगापुरातल्या वकीलबाई

मी सिंगापुरात एका लॉ फर्ममध्ये पॅरालीगल आहे. म्हणजे वकिलांच्या हाताखाली कागदपत्रं तयार करते, ती कोर्टात दाखल करते, तारखा सांभाळते आणि क्लायंटचे फोन घेते. फोनवरचा माणूस घायकुतीला येऊन विचारतो, "मग मी आता काय करू?" त्यावर मी म्हणायचं असतं, "ते मी सांगू शकत नाही. वकिलांना विचारून कळवते." हे वाक्य युनिव्हर्सिटीत आमच्याकडून घोटून घेतलं होतं. माझ्या तोंडात ते इतकं बसलंय की घरी मुलानं काही विचारलं तरी ओठावर येतं. आमच्या वर्गात एकाच बाईच्या तोंडात ते कधी बसलं नाही. त्या सुनंदाताई पाईकराव. राग निवला की त्यांच्यावर लिहीन, असं मी बरेच दिवस म्हणत होते. तो निवत नाही असं दिसतंय, म्हणून आता लिहायला घेते. एकदोन नावं बदलली आहेत. का, ते पुढे कळेल.

कोर्स संध्याकाळचा होता, नोकरी करणाऱ्यांसाठी. वर्गात बहुतेक जणी ऑफिसांतल्या सेक्रेटरी, एक निवृत्त पोलीस, बँकेतले दोघे. पहिल्या दिवशी आम्हाला शिकवणाऱ्या मिस चियांनी सगळ्यांना ओळख करून द्यायला सांगितलं. मिस चिया स्वतः वकील, कृश, चटपटीत, घड्याळाकडे न बघता बरोबर वेळेवर थांबणाऱ्या. सगळ्यांनी बसल्या बसल्या नाव सांगितलं. सुनंदाताईंची पाळी आली तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या, ओढणी सारखी केली आणि मागच्या भिंतीपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाल्या, "माय नेम इज अॅडव्होकेट सुनंदा पाईकराव."

मिस चिया हसल्या. "दॅट्स नाइस. बट हिअर नॉट अॅडव्होकेट, ओके? हिअर यू आर स्टुडंट."

वर्ग हसला. सुनंदाताईंनी मान किंचित लववली, कोर्टात लववतात तशी, आणि "येस, मॅडम" म्हणून खाली बसल्या.

मधल्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ गेले. "तुम्ही मराठी ना?"

"हिंगोली. तू?"

"नाशिक. मी मनीषा."

"वकील आहेस?"

"नाही हो. बी.कॉम."

"बरं आहे," त्या म्हणाल्या. "तुला काही विसरायचं नाही."

त्यांचे वडील हिंगोलीच्या कोर्टात पट्टेवाले होते. दाराशी उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायची, हे त्यांचं काम. सुनंदाताई म्हणायच्या, "आमच्या अण्णांचा आवाज बसस्टँडपर्यंत जायचा. पण कोर्टाच्या उंबऱ्याच्या आत त्यांनी आयुष्यात एक शब्द काढला नाही. त्यांना आत बोलायचा अधिकारच नव्हता. म्हणून मी वकील झाले." हे त्या कुठलाही सूर न लावता सांगायच्या. शिक्षण नांदेडला, वकिली हिंगोलीत, दहाएक वर्षं. बहुतेक कामं बायकांची. पोटगी, मारहाण, टाकून दिलेल्या. नवरा, मिलिंदभाऊ, संशोधक. त्यांना इथल्या युनिव्हर्सिटीत काम मिळालं तेव्हा सुनंदाताई सुरुवातीला आल्याच नाहीत. मग इथं वडिलांजवळ असलेली मुलगी सारखी आजारी पडू लागली आणि त्यांनी हातातली कामं ज्युनिअरकडे सोपवून क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये संसार मांडला.

त्यांची सनद इथं चालत नव्हती. नोकरीसाठी वेगळा पास, म्हणजे सरकारी परवाना, लागतो, तो नव्हता. "माझ्या पासचं नाव काय आहे माहितीय का तुला?" त्यांनी एकदा मला विचारलं. "डिपेंडंट. अवलंबून असलेली. हिंगोलीत हा शब्द अर्जात घालून मी बायकांना पोटगी मिळवून द्यायचे. आता स्वतःच लावून बसलेय." आणि मोठ्यानं हसल्या. त्यांचं हसणं ऐकून हॉकर सेंटरमधली, म्हणजे इथल्या स्वस्त खाऊगल्लीतली, शेजारची टेबलं वळून बघायची.

आवाजाचं तसंच होतं. जिथं वर पंखे घरघरतात, खिडकीबाहेर टायपिस्ट टकटकत असतात आणि न्यायाधीशांना कमी ऐकू येतं, अशा खोलीत तो आवाज घडला होता. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, त्या कुजबुजायला गेल्या तरी अर्ध्या डब्याला कळायचं. बोलायचं झालं की उभं राहायचं, ही सवय शेवटपर्यंत गेली नाही. वर्गात उत्तर द्यायला उभ्या. घरी इंटरनेटवाल्याचा फोन आला तरी खुर्चीतून उभ्या. जेवणही उभ्या उभ्याच आणि भराभर, दोन कामांच्या मधल्या वेळात उरकल्यासारखं. प्रश्न विचारायला लागल्या की त्याचा आपोआप उलटतपास व्हायचा. मासेवाल्या चिनी काकांना त्या "ताजे आहेत का?" असं कधीच विचारत नसत. "सकाळी किती वाजता आले? तुम्ही स्वतः उतरवून घेतले का? मग तुम्हाला कसं माहीत?" त्यांची लेक, समता, लाजेनं लाल व्हायची. "आई, यू कान्ट क्रॉस द अंकल लाइक दॅट लाह!"

इथली एक गोष्ट मात्र त्यांना मनापासून आवडायची. भिंतीवरच्या पाट्या. इमारतीखाली, स्टेशनात, बागेत लावलेली प्रत्येक सूचना त्या थांबून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायच्या. सायकल कुठं लावायची नाही, कुत्र्याला कुठं न्यायचं नाही, दंड किती. मी कंटाळून पुढे जायचे. त्या मागून येत म्हणायच्या, "कायदा भिंतीवर लावणारा देश आहे गं हा. आपल्याकडं तो शोधत फिरावं लागतं. सापडला तरी कुणी तरी त्याच्यावर बसलेलं असतं." त्यांचा या देशावर विश्वास बसला होता. पुढचं सगळं त्यामुळे जास्त कडू लागतं.

दुसऱ्या सत्रात आमची एक तोंडी परीक्षा झाली. एक नटी क्लायंट बनून आली होती, आम्ही एकेकानं पॅरालीगल म्हणून तिची माहिती घ्यायची. गोष्ट अशी की नवऱ्यानं तिला घराबाहेर काढलंय, मुलं आत आहेत. नटी फार चांगली होती, खरोखर रडायची. मी तिला टिश्यू दिला, नाव, पत्ता, तारखा लिहून घेतल्या आणि शेवटी ते पाठ केलेलं वाक्य म्हटलं. मला उत्तम मार्क पडले.

सुनंदाताईंनी तिला पाणी दिलं, खुर्ची जवळ ओढली आणि आज संध्याकाळी कुठं जायचं, कुणाला भेटायचं, काय सही करायची नाही, हे सगळं सांगून टाकलं. त्यांना नापास केलं गेलं. मिस चिया चिडल्या नव्हत्या, उलट समजावत होत्या. "सुनंदा, एव्हरीथिंग यू सेड इज करेक्ट. बट यू कॅनॉट बी द वन टू से इट."

त्या दिवशी बसस्टॉपवर सुनंदाताईंनी आपली बस सोडून दिली. मग म्हणाल्या, "रडणाऱ्या बाईसमोर तोंड मिटून बसायचं, आणि त्याला पैकीच्या पैकी." माझ्याकडे बघून लगेच म्हणाल्या, "तुला नाही बोलले. तू बरोबर केलंस. नियम आहे. मी पण शिकणार आता."

आणि त्या खरंच शिकल्या. पुढच्या परीक्षेत तसंच दृश्य होतं, दुसरी नटी होती. सुनंदाताई सरळ बसल्या, सगळं लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "आय अॅम नॉट अ लॉयर हिअर. आय विल टेक यू टू समवन हू इज." मिस चियांनी सगळ्या वर्गाला ते उदाहरण म्हणून सांगितलं. हे मी मुद्दाम लिहितेय. ज्या बाईला पुढे ज्या आरोपाखाली काढलं, तिनं त्याच विषयात वर्गात सगळ्यांत वरचे मार्क मिळवले होते.

आमच्या मराठी बौद्ध मंडळींचा इथं एक गोतावळा आहे. इंजिनिअर, संशोधक, त्यांचे संसार. एप्रिलमध्ये हॉल घेऊन जयंती होते, मुलांची भाषणं होतात, मग जेवण. सूत्रसंचालन नेहमी सुनंदाताईंचं, कारण त्यांना माइक लागत नसे. त्या वर्षी जेवणाच्या वेळी आम्ही दोघी वाढायला उभ्या होतो. एक नवी मुलगी ताट घेऊन आली. तिला मी इथं प्रणाली म्हणते. लग्न होऊन वर्षभर झालेलं, एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा ड्रेस. तिचा नवरा मघाशीच स्टेजवर संविधानावर बोलला होता आणि छान बोलला होता. सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारा, कुणाला विमानतळावरून आणायचं असो की सोफा उचलायचा असो, हाच पुढे.

प्रणाली हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही वकील आहात ना?"

"तिकडं होते," सुनंदाताई म्हणाल्या. "इथं नाही. इथं मी विद्यार्थिनी आहे." मग भाताचा डाव खाली ठेवला. "बोल."

"इथं नको."

त्या दोघी पुढे कुठं भेटल्या, प्रणालीनं त्यांना काय सांगितलं, ते मला आजही ठाऊक नाही. मी विचारलं होतं. सुनंदाताई म्हणाल्या, "तिला सांगायचं असेल तर ती तुला सांगेल." मला एवढंच कळलं की त्यांनी तिला कुटुंबांना मदत करणाऱ्या एका केंद्रावर नेलं, जिथं संध्याकाळी वकील फुकट सल्ला देतात तिथं बसवलं, आणि स्वतः बाहेरच्या बाकावर थांबल्या. सल्ल्याच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. नियम त्यांनी नटीसमोर पाठ केला होता, तो खऱ्या बाईसमोर पाळला. प्रणालीनं कोर्टात संरक्षणासाठी अर्ज केला.

मग तिची सासू भारतातून आली. गोतावळ्यातले दोन वडीलधारे तिच्या घरी जाऊन बसले, चहा झाला. प्रणालीचा इथला पास नवऱ्याच्या नोकरीवर होता. त्यानं मनात आणलं तर तिला देश सोडावा लागणार, आणि तिला दिवस गेले होते. तारखेच्या आधीच तिनं अर्ज मागे घेतला.

आणि थोड्याच दिवसांत युनिव्हर्सिटीकडे तक्रार आली. नवऱ्याची, सोबत प्रणालीच्या सहीचं निवेदन. तुमच्या एका विद्यार्थिनीनं आपण वकील असल्याचं भासवलं, कायद्याचा चुकीचा सल्ला दिला, मानसिकदृष्ट्या नाजूक असलेल्या बायकोला नवऱ्याविरुद्ध भडकवलं.

मी ते ऐकलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. क्वीन्सटाउनला त्यांच्या घरी गेले. सुनंदाताई मेथी निवडत होत्या.

"ताई, तुम्ही तिला इथं वकील नाही म्हणून सांगितलं होतंत. मी ऐकलंय. मी लिहून देते."

"दे."

"आणि नंतर? तिनं तुम्हाला मेसेज केले असतील ना? तुम्ही उत्तरं दिली असतील?"

"आहेत. पहिल्या दिवसापासूनचे. प्रत्येक वेळी लिहिलंय मी, मी इथं वकील नाही, वकिलाकडं चल."

"मग दाखवा की! प्रश्नच मिटला."

त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "माझे मेसेज दाखवायचे म्हणजे तिचे पण दाखवायचे. तिनं काय काय लिहिलंय ते. तक्रार त्याची आहे, मनीषा. चौकशीच्या समितीसमोर जे येईल ते त्याच्यापर्यंत जाणार. आणि ती आज संध्याकाळी त्याच्यासाठीच पोळ्या लाटणार आहे."

"पण तिनं तुमच्याविरुद्ध सही केलीय!"

"केली असेल. तिला घरात राहायचंय." मग पुन्हा जुडी घेतली. "हिंगोलीत पण बायका जबानी फिरवायच्या की. कोर्टाच्या पायरीवर फिरायच्या. त्या फिरल्या म्हणून त्यांनी मला जे सांगितलं ते काही माझं झालं नाही."

आतून मिलिंदभाऊ म्हणाले, "तुला कुणी सांगितलं होतं यात पडायला?" आवाजात राग कमी होता, भीती जास्त.

चौकशीच्या दिवशी मिलिंदभाऊंनी रजा घेतली होती. ते आणि मी बाहेर बसलो. त्यांनी डबा आणला होता, तो मांडीवर धरून बसले होते. दार बंद होतं, पण सुनंदाताईंचा आवाज दाराला कुठं जुमानतो. शब्द न् शब्द ऐकू येत होता. समितीत तिघेजण होते आणि मिस चिया अभ्यासक्रमाच्या वतीनं. माझं निवेदन वाचलं गेलं. जेवणाच्या हॉलमधलं एक वाक्य पुढच्या कित्येक भेटींबद्दल काही सिद्ध करत नाही, असं कुणीसं म्हणालं. ते खरंच होतं.

मग एका पुरुषी आवाजानं विचारलं, त्या भेटींची काही नोंद आहे का?

"येस, सर."

दाखवाल?

"नो, सर."

का?

"बिकॉज इट इज नॉट माइन."

मग तोच आवाज, अगदी सभ्यपणे, म्हणाला की क्लायंटची गोष्ट गुप्त ठेवणं हा वकिलाचा विशेषाधिकार आहे. तुम्ही तर म्हणता, तुम्ही वकील नाही. मग हा आधार तुम्हाला कसा घेता येईल?

मी मिलिंदभाऊंकडे बघितलं. ते खाली डब्याकडे बघत होते.

आतून सुनंदाताई म्हणाल्या, "करेक्ट, सर." आणि खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्या खाली बसल्या होत्या.

निकाल मेलवर आला. त्यांचं नाव अभ्यासक्रमातून काढलं होतं. मिस चिया मला कॉरिडॉरमध्ये भेटल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते. "शी ओन्ली हॅड टू शो अस समथिंग," त्या म्हणाल्या. "एनीथिंग." मिस चिया वाईट नव्हत्या. त्या खोलीतलं कुणीच वाईट नव्हतं, हाच माझा खरा त्रागा आहे. सगळे नियमानं वागले. ज्यानं नियम वाकवून हवा तसा वापरला, तो त्या खोलीत आलासुद्धा नव्हता.

गोतावळ्यात कुणी भांडलं नाही. फक्त फोन थांबले. वाढदिवसांची बोलावणी थांबली. पुढच्या जयंतीला सूत्रसंचालनाला एक तरुण मुलगी होती, माइक हातात धरून. सुनंदाताई मागच्या रांगेत बसल्या होत्या. प्रणालीचा नवरा पुन्हा बोलला, या वेळी स्त्रियांच्या हक्कांवर. टाळ्या पडल्या. सुनंदाताईंनीही वाजवल्या. मी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं तर म्हणाल्या, "बोलला ते खोटं नव्हतं. तो खोटा आहे. टाळ्या बोलण्याला." तिथं बाकी कुणी आमच्याजवळ आलं नाही, एक म्हाताऱ्या काकू सोडल्या तर. त्यांनी सुनंदाताईंच्या पाठीवरून हात फिरवला आणि पुढे गेल्या.

मी कोर्स पुरा केला, नोकरीला लागले. सुनंदाताई आजूबाजूच्या मुलांना हिंदी शिकवायच्या. त्यांचा आवाज खाली आला होता. ते मला फार उशिरा लक्षात आलं. एकदा एमआरटीत त्या काहीतरी म्हणाल्या आणि मला "काय?" असं विचारावं लागलं. त्याआधी असं कधीही झालं नव्हतं.

पुढे मिलिंदभाऊंचं कंत्राट संपलं आणि वाढवून मिळालं नाही. त्याचा या प्रकरणाशी काही संबंध नाही, असं ते सांगायचे. सुनंदाताईंनी त्यांना त्यावर एकही प्रश्न विचारला नाही.

परत जायच्या आठवड्यात त्या यिशुनला माझ्याकडे जेवायला आल्या. दुपारी आम्ही स्टेशनजवळच्या मॉलमध्ये गेलो, त्यांना भाचरांसाठी चॉकलेटं घ्यायची होती. रांगेशी पोचतो तोच समोरून ती दोघं आली. प्रणाली बाबागाडी ढकलत होती.

"जय भीम, ताई!" तो मोकळेपणानं म्हणाला. "निघालात म्हणे कायमचं?"

"जय भीम. हो."

"तिकडं तुमची गरज आहे हो. इथं काय ठेवलंय." तो हसला. "काही चूकभूल झाली असेल तर मनात ठेवू नका."

सुनंदाताईंनी बाबागाडीत वाकून पाहिलं. "नाव काय ठेवलं?"

"आर्या," प्रणाली जमिनीकडे बघत म्हणाली.

तो काउंटरवर पैसे द्यायला गेला. पाठ वळली न वळली तोच प्रणाली, मान वर न करता, बाळाचं पांघरूण सारखं करत, अगदी ओठातल्या ओठात म्हणाली, "ताई, नंबर तोच आहे का?"

"तोच आहे," सुनंदाताई म्हणाल्या.

तो परत आला, ती दोघं गेली. मी जवळजवळ ओरडलेच. "एवढं होऊन? तिनं तुमचं काय केलं ते विसरलात? आणि तुम्ही पाच दिवसांत विमानात बसणार. कसला तोच नंबर!"

"ओरडू नको," त्या म्हणाल्या. हे त्या मला म्हणत होत्या. "तुझं भांडण तिच्याशी आहे का त्याच्याशी, ते आधी ठरव." आणि हातातली चॉकलेटं माझ्याकडे देऊन समोरच्या मोबाइलच्या दुकानात शिरल्या.

मी पैसे देऊन तिथं गेले तेव्हा त्या काउंटरशी उभ्या होत्या. सिंगापूरचा नंबर भारतातून चालू ठेवायचा तर काय करावं लागतं, हे विचारत होत्या. काउंटरवरची मुलगी गोंधळली होती. "आंटी, यू गोइंग बॅक फॉर गुड, राइट? देन कीप द नंबर फॉर व्हॉट?"

"जस्ट टेल मी हाऊ," सुनंदाताई म्हणाल्या. नियमांचा कागद मागून घेतला, चष्मा लावला आणि बारीक अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला लागल्या. मग विचारलं, "तिकडून रिचार्ज करता येतो? किती दिवस केला नाही तर बंद होतो? बंद व्हायच्या आधी कळवता का? कसं कळवता?" मुलगी हसत हसत उत्तरं देत होती. मागं रांग वाढत होती. त्यांनी सगळं समजून घेतलं, दोनदा म्हणून दाखवलं, आणि फोन पर्समध्ये न ठेवता हातातच धरून बाहेर आल्या.

आता त्या हिंगोलीला आहेत, पुन्हा कोर्टात बसतात. जुने पक्षकार पांगलेत, ज्युनिअर सीनिअर झालेत. आमचं बोलणं होतं, पण त्यांच्या तिकडच्या नंबरावर. तो दुसरा नंबर पुढे कधी वाजला का, ते मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. विचारलं असतं तरी सुनंदाताईंनी मला सांगितलं नसतं.